आयडामावशीचं ‘कीप’

भाईंदरच्या पूर्वेला तेव्हा माणसं कमी आणि मीठ जास्त होतं. स्टेशनातून बाहेर पडलं की चार दुकानं, एक पिठाची गिरणी, मग चाळींच्या दोन रांगा आणि त्यांच्या पाठीमागे नजर जाईल तिथवर मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग असे चमकायचे की डोळे बारीक करून बघावं लागे. आता तिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, आणि इथे मीठ पिकायचं असं सांगितलं तर नवी माणसं ‘काहीतरीच काय’ म्हणून हसतात. हसोत बापडी. सदूच्या आनंदीला विचारा. एकोणीसशे सहासष्ट साली ती त्या चाळीत शेवटून तिसऱ्या खोलीत राहायला आली, तेव्हापासूनचं एकेक तिला पाठ आहे.

सदू आणि आनंदी दोघंही दापोलीकडची. सदू स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. सकाळी अंघोळ करून जायचा आणि संध्याकाळी काळाकुट्ट होऊन परत यायचा. आनंदी आठवीपर्यंत शिकलेली. लग्न झालं आणि शाळा सुटली, पण शाळेचं वेड काही सुटलं नाही. बाहेरून मॅट्रिकला बसायचं असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मराठी, गणित, इतिहास यांना ती भीत नव्हती. भीती होती ती इंग्रजीची. शाळेतलं व्याकरणाचं एक जुनं पुस्तक तेवढं तिच्याजवळ होतं. त्यात क्रियापदांची तीन-तीन रूपं दिलेली आणि समोर एका शब्दात अर्थ. भांडी घासताना आनंदी मोठ्याने घोकत बसायची, ‘गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, कीप-केप्ट-केप्ट.’ कीप म्हणजे ठेवणे. संपलं.

शेजारच्या विमलाबाईंना याची भारी गंमत वाटे. “अगं, भांड्यांवर मंत्र कसले टाकतेस?” त्या दारातून ओरडायच्या. “डाग निघतात का त्याने?”

असंच एकदा मंगळवारी सकाळी आनंदीचं घोकणं चाललं होतं आणि दारात आयडामावशी येऊन उभी राहिली.

आयडामावशी पश्चिमेला समुद्राकडच्या डोंगरी गावची. दर मंगळवारी आणि शनिवारी पहिल्या बसने यायची, रूळ ओलांडून पूर्वेला यायची. डोक्यावर टोपली. टोपलीत पेंढा, पेंढ्यात गावठी अंडी, वर वांगी नाहीतर पांढऱ्या कांद्याच्या माळा. घट्ट नेसलेलं लुगडं, गळ्यात क्रूस आणि आवाज असा की पहिल्या खोलीशी ‘अंडीऽऽ’ म्हटलं की शेवटच्या खोलीतलं झोपलेलं पोर उठून बसायचं. त्या दिवशी मात्र ती ओरडली नाही. कान देऊन ऐकत राहिली.

“काय बोललीस गो आता? कीप?”

आनंदी लाजली. “काही नाही हो मावशी. इंग्रजी पाठ करत्येय.”

“म्हंजे तुला इंग्लिश वाचता येतं?”

“अक्षरं येतात. वाचते धडाधड, पण समजत काही नाही.”

आयडामावशीने टोपली खाली ठेवली, दोन्ही हात कंबरेवर ठेवले आणि तिच्याकडे बघत राहिली. मग खो खो हसली. “मग जमलं गो बाय आपलं! मना सगलं समजतं, पन वाचता न्हाय येत.”

आणि तिने पेंढ्याखाली हात घालून एक पाकीट बाहेर काढलं. त्याच्यावर परदेशातलं तिकीट होतं. चार दिवस ते बंद पाकीट ती अंड्यांखालून फिरवत होती.

गोष्ट अशी होती. बांद्र्याला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आयडामावशीने बावीस वर्षं काढली होती. नवरा तापाने गेला तेव्हा पदरात दोन मुलगे. थोरला फ्रँक गावी आजीजवळ राहिला आणि शेतीला लागला. धाकटा पीटर मात्र बंगल्याच्या मागच्या खोलीत मावशीजवळ वाढला. मॅडमने त्याला इंग्रजी बोर्डिंगात घातलं, तिथे मराठीचं एक अक्षर त्याने गिरवलं नाही. पुढे साहेब-मॅडम विलायतेला निघून गेले, मावशी डोंगरीला परतली आणि पीटर बोटीवर लागला. पत्र लिहायचा ते इंग्रजीतच लिहायचा. नणंदेची कार्मिन ती वाचून दाखवायची, पण ती लग्न होऊन वसईला गेली. फादरकडे जावं, तर तिथे चार बायका आधीच कान टवकारून बसलेल्या. फ्रँकला इंग्रजीचा गंध नव्हता. तेव्हा पत्र होतं, ऐकणारी होती, अडलं होतं ते फक्त मधल्या जिभेवाचून.

आनंदीने हात पुसले, पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. आयडामावशी भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले.

“माय डिअर मदर. आय ॲम कीपिंग वेल...” आनंदी थांबली. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं झालं तिला. “अगंबाई, कीप! ठेवणे! काय ठेवलंय हो मावशी त्याने?”

“कायपन न्हाय ठेवलं. बरा हाय बोलतो. तू वाच.”

“आय थाऊघट ऑफ यू ऑन संडे.”

“काय?”

“थाऊघट.”

मावशीने तो शब्द तोंडात घोळवला. थाऊघट, थाऊघट. तिने आनंदीला तीनदा म्हणायला लावला. मग एकदम डोळे उघडून मांडीवर थाप मारली. “थॉट गो, थॉट! रविवारी माझी आठवन झाली बोलतो.” आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सबंध पत्राला तासभर लागला. त्या दिवशी निम्मी अंडी विकायची राहिली, पण त्याचं मावशीला काही नव्हतं. उठताना ती म्हणाली, “तू माझ्या पोराची पत्रं वाच, मी तुला इंग्लिश शिकवते. पन ते पुस्तक ठेव बाजूला. पन्नास शब्द अर्धेमुर्धे शिकन्यापरीस एक शब्द पुरा शिक. कीप शिक. मी बंगल्यात गेले ना, पयल्या वर्साला मना कीपशिवाय काय कळायचं न्हाय. मॅडमच्या तोंडात दिवसभर तोच.”

अशी शिकवणी सुरू झाली, आणि शिकवणी तरी कसली! पाटी नाही, खडू नाही. आनंदीच्या दहा बाय दहाच्या खोलीत आयडामावशी मॅडम व्हायची. भाताचं पातेलं फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि म्हणायची, “कीप द सूप हॉट.” गरम राहू दे. दाराची कडी लावायची, “कीप द डोअर शट.” बंदच असू दे. विमलाबाईंची मांजर उंबऱ्याशी आली की फडकं झटकून, “कीप दॅट कॅट आऊट!” आत येऊ देऊ नकोस. सुलू, आनंदीची तान्ही पोर, रडायला लागली की “कीप द बेबी क्वाएट,” गप्प कर तिला. बंगल्याच्या बागेत हिरवळीवर पीटर रांगत गेला तर मॅडम गॅलरीतून सांगायची, “कीप हिम ऑफ द ग्रास.” बाजारातून यायला उशीर झाला की मॅडम म्हणायची, “यू केप्ट मी वेटिंग.” मला ताटकळत ठेवलंस. आणि काचेच्या कपाटाला हात लावला की, “कीप युवर हँड्स टू युवरसेल्फ.” याचा अर्थ सांगताना मावशीने स्वतःचे हात मागे बांधले आणि जिभेने चक् चक् केलं, मॅडम करायची तसं.

आनंदी हसून हसून बेजार व्हायची. मावशी गेली की मग ती वहीत लिहून काढायची. कीप म्हणजे ठेवणे, एवढंच जिथे होतं तिथे पानं भरायला लागली. राखणे, सांभाळणे, अडवणे, पुन्हा पुन्हा करत राहणे. दिलेला शब्द पाळायचा तोही कीप आणि कोंबड्या पाळायच्या त्याही कीप. तेवढं मात्र अगदी आपल्या मराठीसारखंच, हे बघून तिला बरं वाटलं. एक दिवस सदूने वही चाळली आणि म्हणाला, “अरे बापरे! एवढ्याशा शब्दाच्या पोटात एवढा संसार? मग मॅट्रिकला बाकीचे शब्द कशाला लागतायत तुला?”

“लागतात की,” आनंदी म्हणाली. “पण हा एक आला की बाकीच्यांची भीती जाते.”

आणि ते खरंच होतं. दीड-दोन महिन्यांनी पीटरचं पत्र यायचं. बोट कुठे लागली, जेवायला काय मिळतं, कुठल्या बंदरात किती थंडी. पत्रामागून पत्र गेलं तसं आनंदीचं ‘थाऊघट’ गेलं, वाचता वाचता अधलंमधलं समजायला लागलं. मावशीची उत्तरंही तीच लिहायची. फ्रँक बरा आहे, कोंबड्या बऱ्या आहेत, वांगी चांगली आली. ती दोन वर्षं, तीन वर्षं आनंदीच्या आयुष्यातली फार सुखाची. शनिवार आला की सकाळपासून तिचा कान रस्त्याकडे लागलेला असे. तिची आई लहानपणीच गेली होती. आईच्या वयाचं माणूस आपल्या चुलीशी बसून आपल्याला काही शिकवतंय, ओरडतंय, चुकलं की डोक्यात टपली मारतंय, याचं तिला किती अप्रूप होतं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते, आणि सांगताना अजून तिचा आवाज ओला होतो.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात आयडामावशीने तिला आणि सदूला गावच्या सणाला डोंगरीला नेलं. कौलारू घर, पुढे व्हरांडा, मागे विहीर आणि वांग्यांचा मळा. जेवणं झाली आणि मावशीने कनवटीची किल्ली काढून पुढची खोली उघडली. ही पीटरची खोली. पलंगावर नवी गादी, वर मच्छरदाणी, खुंटीला इस्त्री केलेला सदरा, भिंतीला आरसा. पीटर बोटीवर गेल्यापासून त्या पलंगावर कुणी बसलंसुद्धा नव्हतं. मावशी दर रविवारी झाडून-पुसून पुन्हा कुलूप लावायची. बोटीवरचं काम सोडून तो एक ना एक दिवस घरी येणार, लग्न करणार, मुंबईत नोकरी धरणार, हे तिने मनाशी धरलेलं होतं.

परतताना फ्रँक बसपर्यंत पोचवायला आला. सरळ माणूस, मान खाली घालून बोलणारा.

“बाय, तू लिवतेस ना पत्रं आईची?” तो आनंदीला म्हणाला. “चार पोरं हायत मना. दोघं चुलीजवळ झोपतात, दोघं व्हरांड्यात. पावसात व्हरांडा गळतो, धाकटा सारखा खोकतो. पीटर येनार असंल तर आमचं काय म्हनणं न्हाय, त्याचीपन खोली हाय. पन येनार हाय का न्हाय, एवढं तरी कुनी विचारावं त्याला.”

आनंदीने मान हलवली.

त्या पावसाळ्यात धाकट्याचा खोकला छातीत गेला. तीन आठवडे पोर अंथरुणाला होतं. वाचलं, पण आयडामावशीचं तोंड उतरलं. दिवाळीच्या सुमाराला ती आनंदीकडे आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, “लिव. आर यू कमिंग? येस ऑर नो. फ्रँकची पोरं बाहेर झोपतात. तू येनार असशील तर खोली तुझी.” आणि नसशील तर काय, ते काही तिच्याने सांगवलं नाही. आनंदीने तेवढंच लिहून पाकीट चिकटवलं.

मग तीन महिने काही नाही. पोस्टमन यायचा आणि डोंगरीच्या दुसऱ्याच घरी जायचा. मावशी अंडी विकायला यायची, पण शिकवायला बसायची नाही. ‘आज न्हाय गो’ म्हणून पुढे जायची.

उत्तर आलं फेब्रुवारीत. शनिवारी सकाळी मावशी आली ती ओरडत नाही, विकत नाही, सरळ आनंदीच्या दारात. टोपली बाहेरच ठेवली. पाकीट दिलं, भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले.

“वाच.”

आनंदीने पाकीट फोडलं. “माय डिअर मदर, आय होप यू आर कीपिंग वेल.”

इथवर ठीक होतं. पण इथेच घात झाला. पहिल्या वर्षी आनंदी वाचायची तेव्हा तिचे डोळे आणि जीभ बरोबर चालायची. अक्षरामागून अक्षर, समजण्याचा संबंधच नव्हता. आता डोळे पुढे धावायला लागले होते. जीभ पहिल्या ओळीवर होती आणि डोळे चौथ्या ओळीवर पोचले. तिथे लिहिलं होतं, डोन्ट कीप वेटिंग फॉर मी. माझी वाट बघत राहू नकोस. खाली लिहिलं होतं, डोन्ट कीप द रूम. त्याच्याखाली, आय ॲम मॅरिड. लग्न केलं होतं त्याने. लिव्हरपूलला बंदरावर नोकरी धरली होती, घर घेतलं होतं.

कळायला लागलं की असंही होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“थांबलीस का गो?” मावशीने डोळे न उघडता विचारलं.

“अक्षर बारीक आहे मावशी.”

“मग सावकाश वाच. पलत न्हाय कुठं मी.”

आनंदीने समोर बघितलं. म्हातारीने दोन्ही हात मांडीवर जोडून ठेवले होते. ही बाई आता हे ऐकणार. मग उठणार, टोपली डोक्यावर घेणार, एकटीच रूळ ओलांडणार, बसमध्ये बसणार आणि घरी जाऊन त्या कुलपासमोर उभी राहणार. आनंदीच्याने ते बघवेना. निदान मे महिन्यापर्यंत तरी सुखाने राहू दे तिला. फ्रँकची पोरं अजून तीन-चार महिने बाहेर झोपतील, पाऊस काही आत्ता येत नाही. पुढचं पुढे. एका क्षणात एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिने कागदावर नजर ठेवून, कागदावर नसलेलं वाचायला सुरुवात केली.

“मदर, आय ॲम कमिंग इन मे.”

आयडामावशीचा चेहरा असा उजळला की आनंदीला वाटलं, देवा, बरं केलं मी. आता पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. पत्र एवढ्या एका ओळीचं कुठून असणार? आणि पुढे बोलायला तिच्याजवळ इंग्रजी कुठलं, तर जे होतं ते.

“कीप द रूम रेडी. कीप द डोअर ओपन. कीप... कीप द सूप हॉट.”

मावशीने डोळे उघडले.

“परत वाच.”

आनंदीने परत वाचलं. पण घाबरल्यामुळे दार आधी आलं आणि खोली मागून.

बाहेर विमलाबाई कुणाशी तरी हिंदीत तावातावाने भांडत होत्या.

“हे पीटरचं न्हाय,” आयडामावशी हळू म्हणाली.

“पीटरचंच आहे मावशी, हे बघा ना...”

“काय बघू? मना वाचता येतं?” तिचा आवाज चढला. “पन ऐकता येतं! पीटरने मना कवा हुकूम केलाय? चार वर्सं तू त्याची पत्रं वाचतेस. एकदा तरी बोलला तो, आई हे कर, आई ते कर? हा माझा पोर न्हाय बोलला. ही माझी मॅडम बोलली. मॅडम अशी बोलायची मना, उठल्यापासून झोपेपर्यंत. तीच मी तुला शिकवली, आन तीच तू मना ऐकवतेस!”

आनंदीच्या वहीतली पानंच्या पानं तिच्या डोळ्यांसमोरून गेली. दार बंद ठेव, पोर गप्प ठेव, मांजर बाहेर ठेव, हात आवर. तिला आलेलं सगळं इंग्रजी म्हणजे एका बाईने दुसऱ्या बाईला बावीस वर्षं सोडलेले हुकूम होते. ती हसत हसत ते शिकली होती आणि मावशीने हसत हसत शिकवले होते, आणि दोघींच्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

“मावशी, चुकलं माझं,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“पत्र कुनाचं हाय?”

“तुमचं.”

“मग माझं मना दे. वाईट हाय ते पन माझंच हाय. तू नुसते डोळे दे, बाकी मी बघते.” मग जरा खालच्या आवाजात, “वाच बाय. जसं हाय तसं वाच.”

आनंदीने नाक पुसलं आणि वाचलं. माझी वाट बघत राहू नकोस. खोली ठेवू नकोस, फ्रँकच्या मुलांना दे. मी गेल्या वर्षी लग्न केलं. एकेक वाक्य बाहेर पडत होतं आणि आयडामावशी एकेकाला मान हलवत होती, बाजारात कुणी भाव सांगावा आणि आपण तो कबूल करावा तशी. मग एक ओळ आली आणि आनंदी अडखळली.

“आय केप्ट इट फ्रॉम यू, मदर, बिकॉज आय वॉज अशेम्ड.” तिने पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. “हा कीप मला माहीत नाही मावशी. हा आपण केला नव्हता.”

इतक्या दुःखातही त्या बाईने सांगितलं. शिकवायची सवय कुठे जाते?

“कीप फ्रॉम. म्हंजे लपवनं. तुझ्यापासून लपवलं बोलतो. लाज वाटली म्हनून.”

“हा का नाही शिकवलात मला?”

“मॅडम कवा बोललीच न्हाय मना.” मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. “तिला काय लपवायचं होतं माझ्यापासून? मी कोन तिची? लपवतात ते आपल्या मानसापासून.”

आणि एवढं बोलून तिने पदर तोंडावर घेतला. मोठ्याने रडली ती, हुंदके देऊन. विमलाबाई भांडण सोडून दारात डोकावल्या आणि आनंदीने हाताने खूण केली तशा गुपचूप मागे फिरल्या. आनंदी उठून मावशीजवळ जाऊन बसली. काय करावं सुचेना, म्हणून तिने नुसता तिचा हात धरला. मावशीने तो सोडवून घेतला नाही. सुलू बाहेरून धावत आली, दोघींकडे बघून परत बाहेर गेली.

मग आयडामावशीने डोळे पुसले, लुगड्याचा पदर नीट केला आणि कनवटीची किल्ली चाचपली.

“कागद घे,” ती म्हणाली. “लिव. डिअर पीटर. आय गिव्ह द रूम टू फ्रँक.”

आनंदीने लिहिलं आणि पेन धरून थांबली. मावशी पुढचं बोलेना. आधीच्या उत्तरांत कोंबड्या असायच्या, वांगी असायची, पाऊस असायचा. ते सांगायला तिचं इंग्रजी पुरायचं. आजचं सांगायला ते कुठून पुरणार? बावीस वर्षं तिने ते फक्त ऐकून घेतलं होतं. आई पोराशी जे बोलते, ते त्या बंगल्यात तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

“मराठीत सांगा मावशी,” आनंदी म्हणाली. “मी बघते जमतंय का.”

“नको. मीच सांगते.” मावशीने दाराबाहेर बघितलं. “तिथं थंडी लय असती ना गो?”

“असते. मागे त्याने लिहिलं होतं, बोटं बधिर होतात म्हणून.”

“मग लिव. कीप हर वॉर्म.”

आनंदीची मान खाली होती ती तिने वर केली नाही. तिला ठाऊक होतं, वर बघितलं तर पुन्हा रडू येणार. तिने लिहिलं. हुकूमच होता तोही, तिला ऊब दे म्हणून सांगणारा. पण तो मावशीचा होता, तिने जन्मात पहिल्यांदा त्या भाषेत कुणाला तरी सोडलेला, तिच्या स्वतःच्या पोराला.

“आन नाव काय गो तिचं? काय लिवलंय त्याने?”

आनंदीने पत्र पुन्हा काढलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, पाकिटाच्या आत बघितलं. सगळीकडे ‘माय वाइफ’ होतं, माझी बायको. नाव कुठेच नव्हतं.

“नाही हो लिहिलेलं.”

“येडा तो येडाच ऱ्हायला!” आयडामावशी एकदम चिडली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा पूर्वीचा आवाज ऐकू आला. “लग्न केलंस, घर घेतलंस, नाव लिवायला विसरलास? लिव त्याला, सेंड हर नेम. मोठ्या अक्षरात लिव. आमच्यात रोज सांजेला माळ बोलतात गो. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायचं, फ्रँकचं, त्याच्या बायकोचं, चारी पोरांचं, पीटरचं. नुसती पीटरची बायको बोलून कसं चालंल? तिला काय नाव न्हाय?”

आनंदीने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. मावशीने ऐकलं, मान हलवली, पाकीट चिकटवून घेतलं आणि टोपली उचलायला बाहेर गेली. आनंदीने टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली.

“उत्तर यायला तीन महिने लागतील मावशी,” ती म्हणाली. “तोवर काय कराल?”

“तोवर काय?” आयडामावशी म्हणाली. “आज सांजेला माळेत बिननावाचीच घेते तिला.”